पानाचा दगड

संघदीप, ती बॅग आता बंद कर. पहाटे पाचला निघायचं म्हणता आणि साडेनऊ झाले तरी तुमचं बिस्किटांचे पुडे भरणं चाललंच आहे. मोनाली, तूही बस इथं खाटेवर. अंगणातला दिवा मीच मालवला आहे, किडे फार येतात. अंधाराची भीती वाटत असली तर सांग, लावतो.

तुम्ही याला ट्रेक म्हणता. मोबाइलवर कोणीतरी टाकलेला काटेदऱ्याचा फोटो पाहिलात, दोन्हीकडे डोंगर, मधे धुकं, वर टोकाला वीस घरांची वस्ती, आणि निघालात यवतमाळहून. माझी तक्रार नाही. तरण्या पायांनी चढावं. वरच्या लोकांना मात्र त्या चढाला काही नाव द्यावं असं कधी सुचलं नाही. मीठ-तेलाला उतरायचं, मीठ-तेल घेऊन चढायचं. बाई अडली तर तिला झोळीतून उतरवायचं. अकरा वेळा एकच नाला ओलांडायचा. तिथे अजून गाडी जात नाही, आणि म्हणूनच तुम्हाला ते इतकं सुंदर दिसतं.

आता मी सांगतो ते ऐका, आणि मधे मोबाइल काढू नका. मी भूत मानत नाही. चाळीस वर्षं खडू धरला, पोरांच्या गळ्यातले ताईत सोडवले, त्यापायी त्यांच्या आज्यांच्या शिव्या खाल्ल्या. भाषाही त्या खडूनं पुस्तकी करून टाकली, ती चालवून घ्या. आणि ज्याच्यावर हे गुदरलं तो धम्मरत्न तर माझ्याहून कडक. इथल्याच एका डॉक्टरकडे वीस वर्षं कंपाउंडर होता. माझ्या शेजारचं तिसरं घर. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून सांगायचा, मास्तर, जे मोजता येतं तेवढंच खरं. गोळ्या मोजायचा, नाडी मोजायचा, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजायचा. ती त्याची खोड होती. तिनंच त्याला खाल्लं.

साल दोन हजार एकवीस. डिसेंबरची चोवीस तारीख, शुक्रवार. कापसाची वेचणी जोरात होती, तुरी उभ्या होत्या, आणि थंडी अशी की सकाळी बोटं वाकत नव्हती. काटेदऱ्याचा डोमाजी आपल्या बायकोला, नलूला, मोठ्या दवाखान्यातून घरी घेऊन येत होता. कोणता दवाखाना ते विचारू नका. ताप होता, धाप होती, आठ दिवस ठेवलं आणि शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या याचा अर्थ डोमाजीला कळला होता. नलूलाही कळला असावा. तिनं एकच सांगितलं होतं, मला वर न्या. वर तिची पाच वर्षांची पोरगी होती, राखी. सासूपाशी ठेवून आली होती तिला.

जीप पहाटेच इथं, फुलसावंगीला आली. डोमाजीनं धम्मरत्नाला हाक मारली. ओळखीचा माणूस, सुई-सलाईन कळणारा. धम्मरत्न स्वेटर घालून बसला जीपमध्ये. एवढंच काम होतं, एका आजारी बाईला तिच्या घरापर्यंत सोबत.

पायथ्याशी नाल्याच्या अलीकडे मोहाचं झाड आहे. तिथे रस्ता संपतो. उद्या तुमचीही गाडी तिथेच थांबेल. साडेनऊच्या सुमारास त्यांनी नलूला उतरवून झाडाखाली गोधडीवर ठेवलं आणि जीपवाला दुसरं भाडं आहे म्हणून लगेच वळला. नाल्यापलीकडे चार माणसं बांबूला झोळी बांधत होती. पायथ्याच्या गावचा हिरासिंग, उकंडा, आणि दोघे भाऊ. डोमाजीनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता.

धम्मरत्नानं नलूचं मनगट धरलं. मग दुसरं धरलं. मग गळ्याला बोटं लावली.

कोरोनात वाटलेलं ते बोटाला लावायचं यंत्र त्याच्या खिशात असायचं. त्यानं ते तीन बोटांना लावून पाहिलं. पडद्यावर नुसत्या रेघा. डोळ्यात बॅटरी मारली. तिच्या हातावर सलाईनची सुई तशीच होती, घरी गेल्यावर काढा म्हणून ठेवलेली. त्यानं ती काढली आणि सवयीनं कापसाचा बोळा दाबून वर चिकटपट्टी लावली. सुई काढल्यावर रक्त येतंच. आलं नाही. मिनिटभर दाबून त्यानं बोळा उचलून पाहिला, कापूस पांढराच होता. त्यानं पट्टी पुन्हा चिकटवली, आणि त्याची शंका फिटली.

डोमाजी गोधडीच्या टोकाशी उकिडवा बसला होता. त्यानं धम्मरत्नाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. रडला नाही. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं त्याच्या. म्हणाला,

"जीपवाल्याले फोन लावू का? पुन्ना नेऊ तिले?"

"आता कायले, डोमाजी?" धम्मरत्न म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवा. तो शेवटपर्यंत विसरला नाही.

आता अडचण काय झाली ते समजून घ्या, नाहीतर तुम्हाला पुढचं खोटं वाटेल. आजारी माणसाला झोळीतून न्यायला इकडे कोणीही येतं. पण मढ्याला खांदा देणं वेगळं. खांदा दिला की तुम्ही त्या घरचे झालात. आंघोळ, सुतक, दहा दिवस सगळं आलं. वेचणीच्या दिवसांत परक्याच्या मढ्याखाली खांदा कोण घालणार? आणि एवढ्या चढाला आळीपाळीनं चार माणसं लागतातच. डोमाजीला उभं राहवत नव्हतं, धम्मरत्नाचा गुडघा गेलेला. वर जाऊन वस्तीतली माणसं आणायची तर संध्याकाळ होणार, आणि मग ती रात्रभर रस्त्यावर, कुत्र्यांच्या भरवशावर. पोरगी वर वाट पाहणार.

धम्मरत्नानं पदरानं झाकलेला तिचा चेहरा पुन्हा उघडा केला आणि हळू आवाजात म्हणाला,

"कोनाले सांगू नको. ती जिती हाय असंच बोलत जायचं. वर पोचलो की पाहू."

बिचाऱ्यानं दयेपोटी केलं. मी अजूनही तसंच म्हणतो.

दहाला निघाले. आजारी माणसाचं डोकं चढाकडे ठेवतात, मढ्याचे पाय. तिचं डोकं पुढे ठेवलं. म्हणजे पुढे खांदा देणाऱ्याच्या पाठीमागे, दोन हातांवर तिचं तोंड. मागून कोणी बोललं तरी पुढच्याला वळून पाहता येत नाही, बांबू असतो खांद्यावर.

पहिली ओलांडणी, दुसरी, तिसरी. पाणी घोट्याएवढं आणि बर्फ. डोमाजी झोळीच्या बाजूनं चालत होता आणि बोलत होता. "नलू, पाय हालवू नको. नलू, हे पाह्य, पऱ्हाटी फुटली या वावरात. नलू, घरी सांगतलं हाय तू येऊन राह्यली म्हनून." सुरुवातीला त्याला शब्द सापडत नव्हते. मग सापडू लागले. मग तो थांबेचना. बाटलीचं झाकण भरून तिच्या ओठाला लावायचा आणि पदरानं हनुवटी पुसायचा. धम्मरत्न मागून बघत होता. तो मला म्हणाला, मास्तर, तिसऱ्या ओलांडणीनंतर तो नाटक करत नव्हता.

"वैनी झोपली काय?" हिरासिंगनं विचारलं.

"गुंगीचं औषध हाय," धम्मरत्न म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं न दिलेलं औषध दिलं म्हणून सांगितलं.

सातव्या ओलांडणीपाशी पाटासारखा एक सपाट दगड आहे. उद्या तुम्हाला एक वाजेपर्यंत लागेल. तिथे शेंदूर नाही, देव नाही. जो माणूस जिवंत तिथून जातो, तो आधीची वाळलेली पानं झटकतो, बाजूच्या पळसाचं एक हिरवं पान तोडतो आणि आपल्या हातानं दगडावर ठेवतो. वर एक खडा, उडू नये म्हणून. मी इथून जिता गेलो, एवढीच ती खूण. आजारी माणूस असला तर त्याचा हात धरून ठेवतात, पण त्याच्याच हातानं. मढं नेताना कोणी पान ठेवत नाही.

हिरासिंगनं दगड झटकला. चौघांनी चार पानं ठेवली. डोमाजीनं पाचवं ठेवलं. धम्मरत्न असलं काही करत नसे, तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"वैनीचं?" हिरासिंग म्हणाला. "जातानी ठेवलं होतं तिनं. मीच धरला होता हात."

डोमाजीनं पळसाचं पान तोडलं. झोळीपर्यंत गेला. तिचा हात बाहेर काढायचा तेवढा बाकी होता. तो तिथेच उभा राहिला, पान हातात घेऊन. एका क्षणात सगळं उघडं पडलं असतं.

"बीमार बाईले काहून तरास देता?" धम्मरत्न खेकसला. "उशीर होऊन राह्यला. उचला."

डोमाजीच्या हातातलं पान खाली पडलं. निघाले. दगडावर पाच पानं राहिली. धम्मरत्नानं मोजली होती. त्याला मोजल्याशिवाय राहवतच नसे.

तिथून खरा चढ लागतो. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, ऊन दोन वाजताच वर सरकतं आणि दरा सावलीत जातो. उकंडा पुढे होता. उकंडा म्हणजे साधा माणूस, कमी बोलणारा. शंभरेक पावलं गेल्यावर तो चालता चालताच म्हणाला,

"कंपाउंडर, वैनीले थंडी वाजून राह्यली. अंगावर काई टाका."

धम्मरत्न थांबला.

"कोन म्हनते?"

"तीच म्हन्ते ना."

डोमाजीनं मान वर केली. धम्मरत्नानं पुढे येऊन आपली शाल तिच्यावर टाकली. टाकताना तिच्या हाताला हात लागला. हात गार होता. पण मऊ होता. चार तास झाले होते, मास्तर, तो मला म्हणाला, आणि थंडी अशी... तो हात ताठायला पाहिजे होता.

तो तिच्या तोंडाशी कान नेऊन चालला. दहा पावलं. वीस. ओठ हलत नव्हते. श्वास लागत नव्हता. काही नव्हतं. त्यानं ते यंत्र पुन्हा काढलं, तिच्या बोटाला लावलं. रेघा. उकंडा थकला आहे, कानात वारं शिरलं आहे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

आठवी ओलांडणी. पाण्याचा आवाज. मग पुन्हा शांत.

"राखी कोन हाय?" उकंडानं विचारलं.

डोमाजी चालता चालता मागे राहिला.

"तिले बाहेर येऊ देऊ नका म्हन्ते. थंडी हाय म्हन्ते." उकंडा धापा टाकत होता. "पोरगी हाय का तिची?"

डोमाजी धावत पुढे आला. झोळीत वाकला. "नलू... ए नलू... मले सांग ना. मले काहून नाई सांगत?" त्याला काही ऐकू आलं नाही. धम्मरत्नालाही नाही. ज्या दोघांना माहीत होतं, त्या दोघांना ऐकू येत नव्हतं. ज्याला माहीत नव्हतं, त्याच्याशी ती बोलत होती.

दरा सावलीत गेला होता. पाखरंही नव्हती. सहा माणसांच्या पायाखालचे दगड वाजत होते, तेवढेच.

नववी ओलांडणी.

उकंडा थांबला. बांबू खांद्यावर तसाच. मागे न वळता म्हणाला,

"पान राह्यलं म्हन्ते."

...

"मागं न्या म्हन्ते. दगडापाशी. पान ठेवते म्हन्ते ती..."

हिरासिंग म्हणाला, "मंग नेऊ ना. अर्धा तास लागन. तिच्या मनात हाय तं नेऊ."

सगळ्यांनी धम्मरत्नाकडे पाहिलं. डोमाजीनंही. त्याच्या डोळ्यात जे होतं ते मला धम्मरत्नानं कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, पोर बापाकडे बघतं तसं तो माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणावं म्हणून.

धम्मरत्नानं मान हलवली. नाही.

"पुढं चला," तो म्हणाला. "अंधार पडन."

चालले. उकंडा गप्प. दहावी ओलांडणी... गप्प. धम्मरत्नानं शेवटी स्वतःच विचारलं,

"आता काय म्हन्ते?"

"काईच नाई."

थोडं चालून उकंडा म्हणाला, "आत्ता जड झाली."

मागच्यानंही मान डोलावली. त्यालाही लागलं होतं ते. बांबू खांद्यात रुतला होता. चौघांनी लगेच पाळी बदलली, मग पन्नास पावलांवर पुन्हा बदलली. सकाळपासून तीच बाई होती. तीच झोळी...

पावणेसहाला वर पोचले. सूर्य टेकत होता. राखी दारात उभी होती, लाल फ्रॉक, दोन वेण्या. तिला कोणीतरी आत ओढलं. झोळी ओट्यावर ठेवली आणि डोमाजीच्या आईनं सुनेच्या गालाला हात लावला. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

उकंडा मानायलाच तयार नव्हता. "आत्ता तं बोलली," तो एकेकाला धरून सांगत होता. "नवव्या पान्यावर बोलली माह्याशी." मग धम्मरत्नानं सगळं कबूल केलं. पायथ्याशीच गेली होती, मीच लपवायला लावलं, तुम्ही खांदा दिला नसता म्हणून.

हिरासिंग त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला,

"सांगतलं असतं तं का टाकून गेलो असतो, कंपाउंडर? आमाले काय समजलं तुमी?"

आणि तो विहिरीवर गेला. थंडीत चार बादल्या ओतून घेतल्या अंगावर. बाकीचे तिघे त्याच्या मागोमाग. चौघेही रात्री थांबले. दहा दिवसांचं सुतकही त्यांनी पाळलं, वावरात कापूस फुटलेला असताना. म्हणजे ते खोटं बोलायची गरजच नव्हती. धम्मरत्नाला यापेक्षा मोठी थप्पड कोणी मारली नसती.

डोमाजी त्याच्याशी बोलला नाही. रात्री कधीतरी, दहा वाजून गेले होते, चंद्र नुकता वर आला होता, तेव्हा तो धम्मरत्नासमोर येऊन बसला आणि एकच विचारलं.

"तुमी डाक्टर हाय का?"

डोमाजी उठून गेला. ती रात्र धम्मरत्नानं ओट्याच्या कडेला बसून काढली, शालीशिवाय. शाल तिच्या अंगावर होती.

नंतर मी एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, बोटं गार पडली असली की ते यंत्र जिवंत माणसाचाही आकडा दाखवत नाही. नाडीही फार मंद असली तर सवयीच्या बोटांना लागत नाही. मी हे धम्मरत्नाला सांगितलं नाही. त्याला ते आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हेही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तिला आंघोळ घालताना बायकांनी धम्मरत्नाला आत बोलावून विचारलं, हातातली सुई कुठे गेली, टोचल्याची खूण तर दिसते. त्यानं पाहिलं. चिकटपट्टी नव्हती. झोळीत पडली असेल, शालीत अडकली असेल, असं त्याला वाटलं. झोळी झटकली, शाल झटकली. नव्हती.

नऊला तिला अग्नी दिला. दहाला तो एकटाच उतरू लागला. त्याच्या मागून कोणी आलं नाही, आणि त्याच्या आधी, आदल्या संध्याकाळपासून, त्या वाटेनं कोणी खाली गेलेलं नव्हतं. वर गेलेली माणसं सगळी वरच होती.

मोनाली, दिवा लावू का? नको? बरं.

गेल्या पावसाळ्यात धम्मरत्न गेला. कंपाउंडरकी त्यानं त्या सोमवारीच सोडली होती. कोणाचं मनगट पुन्हा धरलं नाही. स्वतःच्या नातवाला ताप आला तरी कपाळाला हात लावत नसे, सुनेला म्हणायचा, डॉक्टरकडे ने. हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं, इथेच, तुम्ही बसला आहात त्याच खाटेवर. आणि सांगून झाल्यावर म्हणाला, मास्तर, मी जिता माणूस मोजला नाही.

तर तो उतरत होता. सातवी ओलांडणी आली. दगड दिसला. त्याला तिकडे बघायचं नव्हतं.

पण त्याची ती खोड...

एक. दोन. तीन. चार. पाच.

रात्रीच्या थंडीनं पाचही पानं मरगळली होती. कडा आत वळल्या होत्या.

सहा.

सहावं दगडाच्या कडेला होतं. नीट ठेवलेलं, वर खडा. त्यानं खडा उचलला... पान उचललं.

खाली त्याचीच चिकटपट्टी होती. त्यानं स्वतःच्या हातानं फाडलेली, एक टोक तिरपं. तिला कापसाचा बोळा तसाच चिकटलेला.

बोळा मधोमध लाल झाला होता.